फळ्या जोडायला शिकंजे कोणते घ्यावेत? गोव्याच्या दमट हवेत पॅनेल करणाऱ्यांसाठी

पाट, चौरंग, देवघराचं दार, जेवणाच्या टेबलाचा वरचा भाग, यातल्या कशालाही आता एकसंध रुंद फळी सहजी मिळत नाही. मिळाली तर परवडत नाही. म्हणून तीन-चार इंची पट्ट्या कडेला कड लावून चिकटवायच्या आणि हवं तेवढं रुंद पॅनेल तयार करायचं, हाच सगळ्यांचा मार्ग. नव्याने हे काम करू बघणारा पहिला प्रश्न विचारतो तो शिकंज्यांचा: कोणते घेऊ आणि किती घेऊ? हार्डवेअरच्या दुकानात लाल-निळे क्लॅम्प ओळीने टांगलेले असतात. सगळेच आवळतात आणि सगळेच दणकट दिसतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सपाट पॅनेलसाठी शिकंजा निवडताना तो किती जोरात आवळतो यापेक्षा आवळल्यावर तो किती वाकतो हे बघा. जोर कमी पडला तर आणखी दोन शिकंजे लावता येतात. पण पट्टी वाकणारे शिकंजे कितीही लावले तरी पॅनेलला बाकच येतो, आणि तो काढायला नंतर रंधा मारत बसावं लागतं. वीस मिमीचं पॅनेल मग सोळावर येतं.

आधी शिकंज्याचं काम काय ते बघू

फेव्हिकॉलसारखा पांढरा ग्लू फट भरून काढत नाही. दोन कडा पूर्ण लांबीभर एकमेकींना टेकल्या आणि मधे ग्लूचा अगदी पातळ थर राहिला, तरच सांधा लाकडाच्या तोडीचा होतो. शिकंज्याने कडा टेकवायच्या, जादा ग्लू बाहेर काढायचा आणि ग्लू धरेपर्यंत काही हलू द्यायचं नाही. यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा करू नये. रंध्याने नीट न लागलेली कड जोर लावून बसवली तर त्या दिवशी ती बसल्यासारखी दिसते. लाकूड मात्र त्या ताणाखालीच राहतं, आणि जानेवारीच्या कोरड्या हवेत टोकाकडून सांधा उघडतो.

दाबाचा हिशेब एकदा करून ठेवावा. मऊ लाकडाला दर चौरस सेंटीमीटरला साधारण 7 ते 10 किलो, सागासारख्या मध्यम लाकडाला 9 ते 12 आणि घट्ट, जड लाकडाला 12 ते 17 किलो दाब चांगला मानतात. समजा, पाटासाठी 50 सेंमी लांब आणि अडीच सेंमी जाड सागाच्या पट्ट्या जोडायच्या आहेत. एका सांध्याचं क्षेत्रफळ 125 चौरस सेंमी. दहा किलोने धरलं तरी साडेबाराशे किलो होतात! पाऊण इंची पाइपचा चांगला क्लॅम्प हाताने आवळून चारशे किलोच्या आसपास जोर देतो, म्हणजे तीन लागले. हलका एफ क्लॅम्प (इंग्रजी एफ अक्षराच्या आकाराचा, पट्टीवर सरकणाऱ्या जबड्याचा) जेमतेम दीडशे-दोनशे किलो देतो, म्हणजे सात-आठ लागले. दुकानात स्वस्त वाटलेला माल इथे महाग पडतो.

कडा रंध्याने चोख लागलेल्या असतील तर याहून कमी दाबातही उत्तम सांधा होतो, त्यामुळे आकड्यांना घाबरायचं कारण नाही. पण त्यातून एक गोष्ट कळते, जी नवख्यांच्या लक्षात येत नाही: पॅनेलची रुंदी वाढली, पट्ट्या चाराच्या आठ झाल्या, तरी शिकंज्यांची संख्या वाढत नाही. एकच शिकंजा त्याच्या ओळीतल्या सगळ्या सांध्यांना एकाच वेळी दाबतो. संख्या वाढते ती पॅनेलची लांबी आणि जाडी वाढली की. रुंदी वाढली तर फक्त शिकंजा लांब लागतो.

किती अंतरावर लावायचे

जबड्यापासून दाब लाकडात बॅटरीच्या झोतासारखा पसरत जातो, दोन्ही बाजूंना साधारण 45 अंशांत. बाहेरची पट्टी 10 सेंमी रुंद असेल तर पहिल्या सांध्यापर्यंत पोचताना एका शिकंज्याचा दाब 20 सेंमी लांबीवर पसरलेला असतो. म्हणून दोन शिकंज्यांत 20 सेंमीपेक्षा जास्त अंतर नको. आतल्या सांध्यांपर्यंत तो आणखी पसरतो, तिथे चिंता नाही. अडचण येते ती नेहमी सर्वांत बाहेरच्या सांध्याला.

यातूनच एक युक्ती निघते. बाहेरची पट्टी चार-पाच सेंमीचीच असेल तर शिकंजे दर आठ-दहा सेंमीवर लावावे लागतील. त्याऐवजी पॅनेलच्या दोन्ही कडांना बाहेरून एकेक सरळ, जाड, पाच-सहा सेंमी रुंद भंगार पट्टी लावा आणि शिकंजा तिच्यावर आवळा. दाब पसरायला तेवढी जागा मिळते, अंतर पुन्हा वीसवर येतं, आणि जबड्याचे वळ तुमच्या सागावर न उठता भंगारावर उठतात. ही पट्टी पॅनेलइतकीच जाड असू द्या.

लांबी निवडताना पॅनेलची रुंदी, दोन्ही बाजूंच्या या पट्ट्या आणि वर वीतभर मोकळीक एवढं धरा. 60 सेंमी पॅनेलला तीन फुटी शिकंजा सोयीचा पडतो, दोन फुटी अपुरा पडतो. उलट सहा फुटी शिकंजे लहान पॅनेलला लावले की लांब शेपट्या खोलीभर पसरतात आणि ओल्या ग्लूच्या वेळी कोणीतरी त्यांना अडखळतं.

प्रकार, माझ्या पसंतीच्या क्रमाने

पाइप क्लॅम्प. सुरुवात करणाऱ्याने हाच घ्यावा असं मी ठामपणे सांगेन. दुकानात फक्त त्याची डोकी मिळतात: एक स्क्रूचं, एक सरकणारं. पाइप आपण प्लंबिंगच्या दुकानातून घ्यायचा. अर्धा इंची डोकी घेऊ नका, पाऊण इंचीच घ्या. दोघांच्या ताठपणात खूप फरक आहे. जी. आय. म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपवर रंगाचा पट्टा असतो, पिवळा म्हणजे हलका, निळा मध्यम, लाल जड. निळ्या पट्ट्याचा पुरतो. पाइप साधारण वीस फुटांचा येतो, त्याचे चार-चार फुटांचे पाच तुकडे पाडून घ्यावेत. कारखान्यातले आटे मूळ पाइपच्या दोन टोकांनाच असतात, म्हणून बाकीच्या तुकड्यांना एका टोकाला आटे पाडून द्यायला त्याच दुकानात सांगा. दोन्ही टोकांना पाडून घेतले तर आणखी चांगलं. कधी आठ फुटी काम आलं तर सॉकेट लावून दोन तुकडे जोडता येतात.

परदेशी बनावटीची डोकी ऑनलाइन मागवणारे विचारतात की आपल्या पाइपच्या आट्यांवर ती बसतील का. दोन्हीकडे पाऊण इंचाला इंचात 14 आटे असतात. आट्यांचा कोन थोडा वेगळा असतो, त्यामुळे बसणं जरा सैल किंवा घट्ट वाटेल, पण पाणी थोडंच न्यायचंय? शिकंज्याच्या कामाला ते चालतं.

जी. आय. पाइपचा जस्ताचा थर गुळगुळीत असल्याने सरकणारं डोकं कधी कधी घसरतं. जिथे ते अडकतं त्या पट्ट्यात पाइपवर खरखरीत पॉलिश पेपर आडवा फिरवा, घसरणं थांबतं. काळा, म्हणजे जस्त न लावलेला पाइप जास्त पकड देतो, पण आपल्याकडे तो घेऊ नये. किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेत तो बघता बघता गंजतो, आणि गंजलेलं लोखंड ओल्या ग्लूसकट सागाला किंवा माटाला (ऐनाच्या लाकडाला) लागलं की लाकडातल्या टॅनिनशी मिळून काळा-निळा डाग पडतो. हा डाग रंध्यानेही सहज जात नाही, बराच आत उतरलेला असतो.

सॅश क्लॅम्प. जाड लोखंडी पट्टीवर बसवलेला हा मेस्तांचा, म्हणजे सुतारांचा, जुना शिकंजा. दारा-खिडक्यांच्या चौकटी करणाऱ्या कुठल्याही जुन्या कारखान्यात भिंतीला टेकवलेला दिसेल. पट्टीऐवजी इंग्रजी टी अक्षराच्या छेदाचा बार असेल तर त्याच्याइतका ताठ शिकंजा दुसरा नाही. जड असतो, महाग असतो आणि पिढ्यान् पिढ्या टिकतो. कोणी कारखाना बंद करत असेल आणि जुने विकत असेल तर आधी स्क्रू फिरवून बघा. आटे झिजलेले नसतील तर वरच्या गंजाकडे बघून नाही म्हणू नका. नवा घेताना डोकी साध्या बिडाची आहेत का, ते विचारा. बीड ठिसूळ असतं, हातातून लादीवर पडलं तर कान तुटतो.

अ‍ॅल्युमिनियमचा बार क्लॅम्प. पोकळ चौकोनी बारचा, उचलायला हलका आणि गंजाचं भय नाही. कळंगुट-बाणावलीसारख्या किनारपट्टीत घर असेल तर हा विचार करण्यासारखा आहे. मात्र पोकळ बार जोरात आवळला की वाकतो. त्याच्या पोकळीत घट्ट बसेल अशी सागाची किंवा माटाची पट्टी ठोकून बसवा. एवढ्याने तो कितीतरी ताठ होतो.

समांतर जबड्यांचे क्लॅम्प. जबडे मोठे, एकमेकांना समांतर आणि बारशी काटकोनात राहणारे, त्यामुळे पॅनेल आपोआप सपाट राहतं. बेसी या जर्मन कंपनीचे त्यात नावाजलेले आहेत. ज्यांचा हा धंदाच आहे त्यांनी घ्यावेत. हौशी माणसाने तेवढ्या पैशांत पाइप क्लॅम्पचा अख्खा संच आणि वर चांगला रंधा घ्यावा.

एफ क्लॅम्प. दुकानदार पहिल्यांदा हाच हातात देतो. इतर शंभर कामांना उत्तम, पण रुंद पॅनेलला दुय्यम. पट्टी बारीक असेल तर नकोच. जाड, खाचा पाडलेल्या पट्टीचे मोठे एफ क्लॅम्प मिळतात, ते पाटाएवढ्या कामाला चालून जातात.

जी क्लॅम्प आणि एका हाताने दाबायचे झटपट क्लॅम्प पॅनेल आवळण्यासाठी नाहीत. फळ्या वरखाली सरकू नयेत म्हणून ज्या आडव्या पट्ट्या लावाव्या लागतात, त्यांना धरायला हे हवेतच. चार जी क्लॅम्प घरी असू द्यात.

आणि ज्यांना एकही शिकंजा घ्यायचा नाही, त्यांच्यासाठी पाचर आहे. जाड प्लायवर किंवा जुन्या दाराच्या पाठीवर पॅनेलच्या दोन्ही बाजूंना दोन पट्ट्या स्क्रूने घट्ट बसवा. पैकी एक पॅनेलला टेकलेली, दुसरी बोटभर अंतर सोडून. त्या फटीत समोरासमोरून दोन-दोन निमुळत्या पाचरी घालून हातोडीने हलके ठोका. एका भागाला आठ भाग एवढा उतार असेल तर पाचर मागे सरकत नाही. शिकंजे नसलेल्या काळात अशीच कामं व्हायची. पॅनेल उचलू नये म्हणून वरून एखादी आडवी पट्टी जी क्लॅम्पने दाबा. वर्षाला दोन पाट करणाऱ्याला याहून जास्त काही लागत नाही.

दुकानात काय तपासायचं

सोबत हातभर लांबीचा लाकडाचा तुकडा घेऊन जा, किंवा तिथलाच मागा. शिकंज्यात तो धरा, हाताने पूर्ण आवळा, आणि मग शिकंजा डोळ्यांसमोर आडवा धरून पट्टीकडे बघा. सरळ पट्टीला बाक आलेला दिसला तर परत ठेवा. न आवळताही दिसेल इतका बाक आधीच असेल तर दुकानदाराला दाखवाच. मग जबडे लाकडाच्या कडेवर सपाट बसलेत की वरची बाजू उघडी पडली आहे, ते बघा. स्क्रूचे आटे चौकोनी, जाड हवेत. बारीक टोकदार आटे लवकर झिजतात. पुढची चकती सैल फिरली पाहिजे, नाहीतर ती आवळताना लाकूडच फिरवते. शेवटी, मूठ तेल लागलेल्या हाताने फिरवता येईल एवढी जाड आहे का, तेही बघा. ओल्या ग्लूच्या वेळी हात कोरडे नसतात.

बाक का येतो ते समजलं की ही तपासणी यांत्रिक वाटणार नाही. शिकंज्याची पट्टी पॅनेलच्या खाली असते आणि दाब मात्र पट्टीपासून दोन-तीन इंच वर, लाकडाच्या कडेवर पडतो. आवळलं की पट्टी वाकते, जबड्यांची वरची टोकं बाहेर झुकतात, आणि दाब लाकडाच्या जाडीच्या मधोमध न पडता खालच्या अंगाला जातो. सांधा खाली मिटतो, वर उघडतो, आणि पॅनेलचा मध्य वर उचलतो. म्हणून शिकंजे एक खाली, एक वर असे आलटून पालटून लावतात. एकाचा बाक दुसरा खातो. दुसरा उपाय अगदी स्वस्त आहे: जबडा आणि लाकडाच्या मधे, जाडीच्या बरोबर मध्यावर, सहा मिमीची गोल काठी ठेवा. मग जबडा कसाही झुकला तरी दाब मधूनच जातो. वीस मिमीपेक्षा बारीक पॅनेलला मी ही काठी चुकवत नाही.

लाकूड आणि महिना

आता आपल्या हवेचं. पावसाळ्यात गोव्यात आर्द्रता 85-90 टक्क्यांच्या घरात असते, आणि अशा हवेत ठेवलेलं लाकूड हळूहळू 17-18 टक्के ओलाव्याकडे जातं. थंडीत तेच लाकूड 11-12 वर येतं. साग फार कमी हलणारं लाकूड, तरी पाच-सहा टक्के ओलावा उतरला की 60 सेंमी रुंद पॅनेल साधारण एक ते दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आक्रसतं. कमी की जास्त, ते फळी कशी चिरली आहे यावर. पणजीच्या फ्लॅटमध्ये एसीच्या खोलीत ते टेबल गेलं तर आणखी.

अडचण ही की पाट-चौरंगांची मागणी येते चवथीच्या आधी, म्हणजे नेमकी सर्वांत दमट दिवसांत. ते टाळता येत नाही, पण लाकूड मे महिन्यातच चिरून, रंधून, पट्ट्या करून ठेवता येतात. पट्ट्यांच्या मधे सारख्या जाडीचे गुटके ठेवून रचा, चिऱ्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. चिरा पावसाळ्यात ओल धरतो आणि ती फळीच्या एकाच बाजूने चढते. एका पॅनेलच्या सगळ्या पट्ट्या एकाच ढिगातल्या असाव्यात. स्वस्तातला मॉइश्चर मीटर अचूक नसतो, पण पट्ट्यांमधला फरक बरोबर दाखवतो, आणि इथे तोच कळायला हवा. दोन पट्ट्यांत दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर थांबा. मोठं टेबल किंवा दाराचं पॅनेल मात्र सरळ नोव्हेंबरनंतरच करा. घाई असलेल्या गिऱ्हाईकालाही हेच सांगावं.

लाकडानुसार शिकंज्यांची गरज बदलते. फणस जोडायला गुणी, ग्लू चांगला धरतो. साग तेलकट, म्हणून कड रंधल्यावर त्याच दिवशी चिकटवावी. कड जुनी झाली असेल तर अ‍ॅसिटोनने पुसून, वाळू देऊन, मगच ग्लू लावावा. माटाचं लाकूड जड आणि घट्ट. त्याला दाब जास्त लागतो आणि कड वाकडी असेल तर ते शिकंज्याला अजिबात दाद देत नाही. त्याच्यासाठी अंतर वीसवरून पंधरा सेंमीवर आणा. रबरवुडचे बोटासारख्या सांध्यांनी जोडलेले तयार बोर्ड मिळतात. एकच कपाट करायचं असेल तर शिकंजे घेण्यापेक्षा ते परवडतात, पण ओल असलेल्या खोलीत त्यांना कीड आणि बुरशी दोन्ही लवकर लागतात.

ग्लूबद्दल थोडंच. घरातल्या कोरड्या कामाला फेव्हिकॉल एसएच पुरे. पाटावर पूजेचं पाणी सांडतं, चौरंगावर अभिषेक होतो, म्हणून त्यांना फेव्हिकॉल मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारा ग्लू वापरा.

जोडणीचा दिवस

पट्ट्या मांडून क्रम ठरवा आणि सगळ्यांवर मिळून खडूने एक मोठा त्रिकोण काढा. नंतर कुठलीही पट्टी उलटी-सुलटी झाली तर त्रिकोण लगेच सांगतो.

कडा रंधताना शेजारच्या दोन पट्ट्या पुस्तक मिटल्यासारख्या पाठीला पाठ लावून एकत्र व्हाइसमध्ये धरा आणि दोन्ही कडा एका दमात रंधा. रंधा थोडा कलला आणि काटकोन एक अंश चुकला, तरी उघडल्यावर दोघींचे कोन एकमेकांना पुरे पडतात आणि पॅनेल सपाटच बसतं. मग एकीवर एक उभी ठेवून मागे दिवा धरा. उजेड येत नाही ना? वरची पट्टी टोकाला धरून हलवा. मध्यावर गरगर फिरली तर मधे फुगवटा आहे, तो काढायलाच हवा. दोन्ही टोकांना घासत असेल तर चांगलं. मीटरभर लांबीच्या सांध्यात मधे अर्ध्या मिमीएवढी, जेमतेम जाणवेल इतकी पोकळी मुद्दाम ठेवतात, कारण टोकं आधी कोरडी होऊन आधी उघडतात आणि ही पोकळी त्यांना दाबून ठेवते. पाटासारख्या लहान कामाला त्याची गरज नाही.

आडव्या पट्ट्या तयार ठेवा: पॅनेलच्या रुंदीच्या, सरळ, जाड, दोन-दोनच्या जोड्या. त्यांच्या लाकडाला टेकणाऱ्या बाजूला तपकिरी पॅकिंग टेप लावा, म्हणजे ग्लू चिकटत नाही. पाइपच्या जागीही पॅनेलखाली टेपचा किंवा प्लास्टिकचा तुकडा हवाच, काळ्या डागाचं वर सांगितलंच आहे.

मग कोरडी जोडणी, म्हणजे ग्लू न लावता सगळं पूर्ण आवळून बघायचं. हा टप्पा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा. शिकंजे पुरतात का, डोकी नेमक्या जागी आणून ठेवलीत का, कुठला सांधा नुसत्या बोटाच्या जोराने मिटत नाही, हे सगळं आत्ता कळतं. मिटत नसलेला सांधा पुन्हा रंध्याकडे जातो, शिकंज्याकडे नाही. पाइप लोळू नयेत म्हणून टेबलावर दोन फळ्यांना खाचा पाडून त्यांत ते बसवा. खाचा सगळ्या एकाच पातळीत असू द्या. पाइप वरखाली असतील तर पॅनेलला पीळ बसतो, आणि पीळ बाकापेक्षा वाईट. बाक रंध्याने थोडाफार निघतो, पीळ चारही कोपऱ्यांतून लाकूड खातो.

ग्लू लावल्यापासून हातात साधारण दहा मिनिटं असतात. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ती पाच-सहाच उरतात, म्हणून उन्हाळ्यात हे काम सकाळीच उरका, पंखा बंद ठेवून. दोन्ही कडांवर पातळ, अखंड थर द्या, कुठेही कोरडा ठिपका नको. पट्ट्या एकमेकींना टेकवून पुढे-मागे थोड्या घासा, लगेच चिकट ओढ जाणवते.

आवळायला मधल्या शिकंज्यापासून सुरुवात करून बाहेर जा. आधी सगळे अर्धवट. आता आडव्या पट्ट्या जी क्लॅम्पने लावा, फळ्या बोटाने चाचपून एका पातळीत आणा, आणि मगच शिकंजे पूर्ण आवळा. मूठ हाताने जेवढी फिरते तेवढीच. मुठीत पाइप घालून जोर वाढवणारे मी पाहिलेत. त्यात ग्लू सगळा पिळून बाहेर येतो आणि सांधा उपाशी राहतो. सांध्याच्या पूर्ण लांबीवर बारीक मण्यांची ओळ दिसली की दाब बरोबर. ओघळ वाहत असतील तर ग्लू जास्त झालाय. एखाद्या हातभर जागी मणीच नाहीत तर तिथे लक्ष द्या.

आता सरळ पट्टी उभी धरून पॅनेलवर आडवी फिरवा. मध्य उचललेला दिसला तर खालचे शिकंजे किंचित सैल करा आणि वरचे आवळा. उलट असेल तर उलट. कोपऱ्यांवर दोन सरळ पट्ट्या समांतर ठेवून एका डोळ्याने एकीवरून दुसरीकडे बघितलं की पीळ लगेच कळतो. हे सगळं पहिल्या पाच मिनिटांतच सुधारता येतं.

बाहेर आलेला ग्लू ओल्या फडक्याने पुसू नका. तो लाकडाच्या छिद्रांत जातो आणि पॉलिशच्या वेळी पांढुरके डाग बनून बाहेर येतो. अर्धा-पाऊण तास थांबा, रबरासारखा झाला की पटाशीने खरवडून काढा. पावसाळ्यात हा अर्धा तास दीड तासही होतो.

कोरड्या दिवसांत तासाभराने शिकंजे काढले तरी चालतं असं म्हणतात. मी रात्रभर ठेवतो, आणि जून ते सप्टेंबर तर हमखास. काढल्यावर पॅनेल जमिनीवर सपाट टाकू नका, भिंतीपासून सुटं उभं करा, दोन्ही अंगांना हवा लागू द्या. एकाच अंगाने वाळलं तर शिकंज्यात सरळ असलेलं पॅनेल दोन दिवसांत वाटीसारखं होतं. लगेच रंधाही मारू नका. सांध्याजवळचं लाकूड ग्लूच्या पाण्याने फुगलेलं असतं. ते तसंच सपाट केलं तर वाळल्यावर सांध्यांच्या जागी बारीक चर दिसतात, आणि ते चकचकीत पॉलिशवर जास्तच उठून दिसतात. कोरड्या हवेत दोन दिवस, पावसात चार-पाच दिवस थांबावं.

पाटाखाली आडव्या पट्ट्या बसवताना स्क्रूची भोकं पट्टीत लांबट करा, मधलं तेवढं घट्ट. पाट पावसात फुगणार आणि थंडीत आक्रसणार. स्क्रूने जखडून टाकला तर शिकंज्यांनी नीट जोडलेला सांधाच फाटतो.

शिकंज्यांची निगा

खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, यांत स्क्रू आधी जातात. काम संपलं की वाळलेला ग्लू पटाशीच्या बोथट बाजूने काढा, स्क्रूवर ग्रीसचा पातळ हात फिरवा. पाइपला आणि पट्टीला तेल नको, डोकं घसरतं आणि तेल लाकडाला लागलं तर तिथे पॉलिश बसत नाही. त्याऐवजी मेण घासा: मेणबत्ती पुरते, वर ग्लूही चिकटत नाही. सरकणाऱ्या डोक्यातल्या चकत्यांना मात्र मेण लागू देऊ नका, त्यांची धार कोरडीच हवी. पावसाळ्याआधी डोकी पाइपवरून उतरवून आटे पुसा, नाहीतर ऑक्टोबरात ती पान्यानेही सुटत नाहीत. शिकंजे भिंतीला टेकवून न ठेवता आडव्या लाकडी खुंट्यांवर टांगा.